नदी विकत घेणाऱ्या फ्लोरीटीचर

"सत्या, एक बॅनर छाप. वर मोठ्या अक्षरात लिही, आपल्याला नदी विकत घ्यायची आहे. खाली लिही, या."

फ्लोरीटीचर माझ्या छापखान्याच्या दारात उभ्या होत्या आणि मी कॉम्प्युटरवर एका बारशाच्या बॅनरमधल्या बाळाचे गाल गुळगुळीत करत बसलो होतो. बोरिवली पूर्वेला माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वाढदिवस, पुढाऱ्यांची अभिनंदनं, जे येईल ते छापतो. या धंद्यात माणूस सहसा कशाला दचकत नाही. एकाने आपल्या कुत्र्याच्या वाढदिवसाचा बॅनर करून घेतला आणि कुत्र्याला गॉगल लावायला सांगितला, तोही मी लावला. पण नदी विकत घ्यायची म्हटल्यावर माझा माउसवरचा हात थांबला.

"टीचर, नदी कोणी विकतं का?"

"नदी नाही रे गाढवा, काठ. इग्नासची जागा आहे ना वरच्या अंगाला, उंबराची वाडी. ती."

"मग काठ लिहितो."

"काठ लिहिलास तर रस्त्यात कोण थांबेल? तू थांबशील?"

मी थांबलो नसतो. तरी धंद्यातलं शहाणपण दाखवायचं म्हणून म्हटलं, "मग 'नदी वाचवा' करू या. झाडाचं चित्र टाकतो, हाताच्या ओंजळीत."

टीचरनी डोळे मिटले. वर्गात कोणी भलतंच उत्तर दिलं की त्या असेच डोळे मिटायच्या. "वाचवा, वाचवा वाचून लोकांचे डोळे विटलेत. वीज वाचवा, पाणी वाचवा, वाघ वाचवा. बोरिवलीच्या माणसाला विकत घ्यायचंय म्हण, तो लगेच विचारतो, केवढ्याला? विचारू दे. विचारायला लागला की तो आपला."

बॅनर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला गेलो तर दूधवाल्यानेच विचारलं, "सत्यभाऊ, ती नदी केवढ्याला काढलीय?" मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. म्हातारीने डोकं लावलं होतं!

टीचर आता नाहीत. नदीचं सगळं पार पडलं, त्यानंतरच्या थंडीत त्या गेल्या, दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांच्यावर काही लिहावं असं मला सारखं वाटायचं. पण मी पडलो दुसऱ्यांचं लिहिलेलं छापणारा. असो. जमेल तसं लिहितो.

टीचर म्हणजे आमच्या मराठी शाळेच्या पी.टी.च्या बाई. ईस्ट इंडियन. इथल्या मूळच्या ख्रिस्ती गावकऱ्यांना तसं म्हणतात. ज्यांच्या भातशेतांवर आज आमच्या सोसायट्या उभ्या आहेत, ते. घरात मराठी, भांडण मराठीत आणि प्रार्थनाही मराठीत. त्यांचा नवरा, नोकरी, पेन्शन यातलं मला फारसं काही ठाऊक नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती. मी पन्नाशीला आलो तरी त्या दुकानात आल्या की उभा राहायचो.

फुलाफुलांचा सैल फ्रॉक, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात एकाच काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रॉस आणि शिट्टी. "क्रॉस देवाला बोलवायला, शिट्टी तुम्हाला," असं म्हणायच्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी शिट्टी काही उतरली नाही. भाजीवाल्याने वजनात काटा मारला, शिट्टी. रिक्षा फुटपाथवर चढली, शिट्टी. रिक्षावाला चिडून मागे बघायचा आणि निम्म्या वेळा तोही त्यांचाच विद्यार्थी निघायचा. मग तो मुकाट्याने रिक्षा मागे घ्यायचा.

शाळेत त्यांचा एक नियम होता. हात वर करायचा तो उजवा, आणि दंड कानाला लागला पाहिजे. कोपरात वाकलेला, खांद्याशी घुटमळणारा हात त्यांना चालायचा नाही. "अर्धा हात मी मोजणार नाही!" मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज जायचा. "हो असेल तर पूर्ण हो म्हणा. हात कानाला!" आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो, आणि अजूनही आमच्या बॅचची माणसं भेटली की नमस्काराऐवजी हात कानाला लावतात. लोकांना वाटतं, यांना काहीतरी झालंय.

गंमत अशी की नंतर नंतर टीचरचा स्वतःचाच उजवा खांदा धरला. तेल झालं, शेक झाला, फिजिओथेरपी झाली. हात छातीच्या वर जाईना. केस विंचरायला शेजारीण यायची. पण हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. नदीच्या सभांमध्ये हात वर करायची वेळ आली की त्या समोर उभ्या राहून मोजायच्या. एकदा मी विचारलं, "टीचर, तुमचा हात?" तर म्हणाल्या, "मी मोजणारी. मोजणाऱ्याचे हात मोकळे हवेत." मलाही ते पटलं होतं. पुढे शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं.

आता नदीबद्दल सांगायला हवं. आमची दहिसर नदी डोंगरातून, जंगलातून येते. जंगल संपतं तिथे, पहिली बिल्डिंग लागायच्या आधी, इग्नासची ती जागा होती. दोन्ही बाजूंना मोठे दगड, मधून स्वच्छ पाणी, काठावर एक दांडगा उंबर आणि उंबराखाली दगडी विहीर. आमच्यापर्यंत येईतो नदीची पार वाट लागलेली असते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडून ती काळी होऊन वाहते. आम्ही सगळे तिला नाला म्हणायचो. मीही म्हणायचो.

त्या वरच्या जागेवर एका लॉनवाल्याचा डोळा होता. लग्नाचं लॉन करायचं, पाण्याकडेने सिमेंटची भिंत, विहीर बुजवायची, उंबर काढून पार्किंग. इग्नास म्हणजे टीचरचे नात्यातले थोरले. कमरेने अधू झालेले, दोन्ही मुलगे परदेशात, जागा सांभाळायला कोणी नाही. त्यांना विकायचीच होती आणि त्यात त्यांची चूक काय? टीचरनी बातमी ऐकली आणि त्या तडक माझ्याकडे बॅनरला आल्या. आपण लोकांनी मिळून ट्रस्ट करायचा, ट्रस्टने जागा घ्यायची, आणि...

या "आणि"पाशी खरी मजा होती. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत टीचर आल्या. आमचे चेअरमन शहाभाई, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या पोटाचे. ते कौतुकाने म्हणाले, "टीचर, कल्पना झकास आहे. त्या नाल्याजवळची जागा..."

शिट्टी वाजली. सभागृहात अशी वाजली की मागच्या रांगेत डुलकी काढणारे दोघे ताडकन उभे राहिले.

"काय म्हणालात?"

"नाल्याज..."

"नदी. जो नाला म्हणेल त्याने उठाबशा काढायच्या. इथे, आत्ता."

शहाभाई हसायला लागले. टीचर हसल्या नाहीत. शहाभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा मुलगा टीचरच्या हाताखालून गेलेला, तो मागून ओरडला, "पप्पा, काढा. या ऐकत नाहीत!" आणि खरंच शहाभाईंनी कान धरले. एक, दोन, तीन... अख्खी सभा टाळ्या वाजवत मोजत होती. घामाघूम होऊन ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नदी. बस? नदी. आता सांगा, त्या जागेवर करायचं काय? गार्डन? जॉगिंग ट्रॅक?"

"काही नाही," टीचर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"विकत घ्यायची आणि काही करायचं नाही. दगड आहेत तिथे दगड, झाड आहे तिथे झाड. पावसाळ्यात पाणी जिथवर पसरतं तिथवर पसरू द्यायचं."

शहाभाईंना ठसका लागला. बोरिवलीत जागा घ्यायची आणि तिच्यावर काही म्हणजे काही करायचं नाही, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. कोणी म्हणालं, निदान कारंजं. कोणी म्हणालं, सेल्फी पॉइंट तरी. टीचर एकेकाकडे बघून मान हलवत होत्या. नाही. नाही. तेही नाही. शेवटी एक बाई वैतागून म्हणाल्या, "मग आम्हाला काय मिळणार?"

"रविवारी सकाळी या. दाखवते."

आणि मग रविवार सुरू झाले. तो उत्साह मी काय सांगू! पहिल्या रविवारी आम्ही चार टाळकी होतो. पुढच्या रविवारी लहान पोरं, आज्या, मोबाइलवाले, सगळे. वाटेत बोलायचं नाही, हा नियम. काठाला पोचलं की चपला-बूट काढून पाण्यात उभं राहायचं, हा दुसरा नियम. "पाय भिजवल्याशिवाय मत नाही!" त्या वैतागलेल्या बाई पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज हातात धरून पाण्यात उतरल्या आणि किंचाळल्या. बारीक बारीक मासे त्यांच्या टाचा टोचत होते.

"अगं बाई! मॉलमध्ये याचे पैसे घेतात!"

"इथे फुकट आहे," टीचर म्हणाल्या, "म्हणून तर विकत घ्यायचंय."

एक निळा खंड्या सर्रकन पाण्यावरून गेला. एक मुलगी हळूच म्हणाली, "ही आपलीच नदी? आपल्या भिंतीमागची?" टीचर म्हणाल्या, "तीच गं. इथे अजून तिचं तोंड स्वच्छ आहे." ती मुलगी खाली वाकली आणि दोन्ही हातांनी पाणी तोंडावर मारून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच खोटं का सांगू? मी त्या नदीपासून हाकेच्या अंतरावर जन्म काढला आणि तोवर तिच्यात एकदाही पाय घातला नव्हता.

सह्या भराभर झाल्या. पैसे मात्र होईनात. किंमत मी इथे सांगत नाही. शहाभाई आता आमचे खजिनदार, दारोदार फिरायचे. लोक आत बोलवायचे, चहा द्यायचे, नदीवर भरभरून बोलायचे, आणि पैशाचं निघालं की म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू ना." शहाभाईंचं साखरेचं प्रमाण वाढलं, नदीचा निधी वाढला नाही.

तेवढ्यात इग्नासचा निरोप आला, भेटून जा. टीचर मला बरोबर घेऊन गेल्या. इग्नास ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते, काठी शेजारी.

"गो फ्लोरी, लॉनवाला घाई करतंय. मी काय सांगू त्याला?"

"सांग थांब. आमच्याकडे एवढ्या सह्या आहेत..."

"सह्या!" इग्नास हसले. "सही कराला काय लागतं? पेन. तू म्हनतं, लोक तुझ्यासंगती हान. हे टॉवरवाले? आमच्या शेतांवर टॉवर बांधले, मधी भिंती घातल्या, कंदी कोन आयलंय आमचे दारात? आमचं लगीन असलं, बँड वाजला, का लगेच पोलिसाला फोन. ती मानसं नदी घेनार?"

टीचरनी सह्यांचे कागद पुन्हा पिशवीत घातले. त्यांनी वाद घातला नाही. कारण ते खरं होतं. आमच्या शेजारच्या टॉवरमधले देशपांडेकाका तर बँडचा पहिला ढोल पडायच्या आत फोन उचलायचे, हे सगळ्या एरियाला माहीत होतं.

"इग्नास," त्या शेवटी म्हणाल्या, "मी माझ्या लग्नाचं पाणी त्या विहिरीचं घेतलं. तिथे मोटारी उभ्या राहिल्या तर माझ्याने त्या रस्त्याने चालवणार नाही रे."

"मना कलतंय," इग्नास म्हणाले. "पन मी म्हातारा एकला काय करू? शेरनचं लगीन होऊ दे. त्याचे नंतर मी लॉनवाल्याचे कागद करतो."

शेरन म्हणजे टीचरच्या भावाची मुलगी. लग्न दोन आठवड्यांवर होतं. परत येताना टीचर माझ्यापुढे झपझप चालत होत्या. मंदिराच्या वळणावर एकदम थांबल्या, माझं मनगट धरलं, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला शाळेच्या स्पोर्ट्स डेची आठवण झाली.

"सत्या, पत्रिका छाप!"

ईस्ट इंडियन लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एक रिवाज असतो, उंबराचं पाणी. घरच्या बायका कळश्या घेऊन, बँड लावून, वाजत-गाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी घेऊन येतात. फक्त घरची आणि गावची माणसं. टीचरनी ठरवलं, या वेळी सगळ्यांना बोलवायचं. सगळ्या सोसायट्या, सगळे टॉवर. मी पत्रिका छापल्या : शेरनच्या उंबराच्या पाण्याला अगत्य यावे. घरून एक कळशी आणावी. आणि खाली, जाड ठशात, टीचरच्या सक्त हुकमावरून : आहेर आणू नये.

त्या संध्याकाळी मी लवकरच पोचलो. उंबराला केळीचे खांब बांधलेले, विहिरीच्या काठावर मेणबत्त्या. घरच्या बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसून आलेल्या, कानात सोन्याचं, केसांत अबोली. बँडवाले ट्रंपेट पुसत बसले होते. इग्नास प्लॅस्टिकच्या खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकवून. बाकी कोणी नाही. रस्ता रिकामा. टीचर सारख्या शिट्टी हातात घ्यायच्या आणि सोडायच्या.

"बग," इग्नास हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, उलट त्यांनाच वाईट वाटत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात वळणावर शहाभाई दिसले. जोधपुरी कोट! मागे त्यांची बायको पटोळा नेसून, कमरेवर पितळेचा हंडा. त्यांच्यामागे आमची अख्खी सोसायटी. त्यांच्यामागे दुसरी. लग्न म्हटल्यावर माणसं लग्नाला येतात तशीच आली होती : पैठण्या, शेरवान्या, गजरे, अत्तर, पोरांना पावडर. ज्यांच्याकडे कळश्या नव्हत्या त्यांनी असेल ते आणलं होतं. तांबे, किटल्या, एकीच्या हातात चक्क कुकर. उंची टाचांच्या सँडल दगडांवर अडखळत होत्या आणि बायका एकमेकींना धरून खिदळत होत्या. रस्ता भरला, काठ भरला, लोक पलीकडच्या दगडांवर चढले.

टीचरनी शिट्टी फुंकली. बँड सुटला!

आणि कोण पुढे आलं असेल? देशपांडेकाका. झब्बा, खांद्यावर उपरणं. मला वाटलं, आता हे फोन काढणार. काकांनी थोडा वेळ ऐकलं, मग ट्रंपेटवाल्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "अहो, जरा मोकळेपणाने वाजवा की! लग्न आहे!" इग्नासच्या तोंडाचा आ झाला.

आणि मग तो गोंधळ झाला. शहाभाईंच्या बायकोने शेरनच्या हातात पाकीट दिलं. वर सोनेरी गणपती, कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. तिच्यामागे दुसरी बाई, दुसरं पाकीट. तिसरं. रांगच लागली. शेरनच्या हातात पाकिटं मावेनात. टीचर संतापून धावल्या. "लिहिलंय ना पत्रिकेत! आहेर आणू नये! वाचता येत नाही?"

"ते सगळेच लिहितात, टीचर," शहाभाईंची बायको शांतपणे म्हणाली. "लग्नाला कोणी रिकाम्या हाताने येतं का?"

शहाभाई खजिनदाराच्या नजरेने ती रांग बघत होते. ज्यांच्या दारात ते चार-चार वेळा जाऊन नुसता चहा पिऊन आले होते, ते सगळे पाकीट घेऊन उभे! "मी वर्गणी मागत फिरलो," ते माझ्या कानात म्हणाले, "आणि यांना लग्नाचं बोलावणं हवं होतं."

हे शेरनने ऐकलं. ती टीचरचीच भाची. तिने एक रिकामी कळशी ओढली, हातातली सगळी पाकिटं आत टाकली आणि ओरडून म्हणाली, "मला एवढं नको! आहेर नदीला!"

मग काठावर जो आवाज उठला! लोक पुढे होऊन स्वतः कळशीत पाकिटं टाकायला लागले. ज्यांनी आणली नव्हती त्यांनी खिसे उलटे केले. कळशी भरली, शहाभाईंच्या बायकोने आपला हंडा पुढे केला. देशपांडेकाकांनी खिशातलं पाकीट टाकलं, मग थांबले, आणि हातातल्या पिशवीतली मोत्यांची नथ काढून शेरनला दिली. "ही मात्र तुलाच. बायकोने पाठवलीय."

इग्नास काठी टेकत उठले. पहिली कळशी घरातल्या थोरल्याने ओढायची, असा त्यांच्या घराचा रिवाज. कमरेने अधू माणूस, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. दोर ओढला, भरलेली कळशी काठावर ठेवली आणि पाठ सरळ करून सगळ्या गर्दीकडे बघत राहिले.

"गो फ्लोरी," ते म्हणाले, "तुझी मानसं आयली."

"तुझी पण आहेत."

"लॉनवाल्याला मी सांगतो, नाय जमत. दिवाळीपातूर थांबतो. आनि भाव पन कमी करतो." मग देशपांडेकाकांकडे बोट दाखवून, "याला बगून करतो!"

टीचर रडत होत्या आणि शिट्टी वाजवत होत्या, दोन्ही एकदम. रडताना शिट्टी नीट वाजत नाही. पण त्या थांबल्या नाहीत.

त्यानंतर तर लोक सुटलेच! पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलाच्या मुंजीची पत्रिका छापायला आले आणि म्हणाले, "ते 'आहेर आणू नये' नको. ते दुसरं टाका." माझ्या छापखान्यातून त्या मोसमात निघालेल्या किती पत्रिकांच्या तळाशी ती ओळ गेली : आहेर नदीला. बारशी, साठीशांती, साखरपुडे, एका सलूनचं उद्घाटन. एका पुढाऱ्याने वाढदिवसाच्या बॅनरवरसुद्धा घातली, आणि भाषणात नाला म्हणाला. शिट्टी कुठून आली ते त्याला दिसलं नाही, पण समोरची गर्दी एका सुरात ओरडली, "उठाबशा!" तो हुशार, त्याने हात जोडून नदी, नदी म्हणून सुटका करून घेतली. दिवाळीच्या आत इग्नासची जागा ट्रस्टच्या नावावर झाली. लॉनवाल्याने दुसरीकडे कुठे तरी लॉन काढलं. माझ्याकडूनच पत्रकं छापून घेतली, मी छापली, धंदा तो धंदा.

आता शेवटचं सांगतो. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे त्या काठावर जमलो. ट्रस्टचा पहिला ठराव करायचा होता. टीचर पाण्यात उभ्या, फ्रॉक गुडघ्यापाशी धरलेला, कॅनव्हासचे बूट दोरीने गळ्यात, क्रॉस आणि शिट्टीच्या शेजारी. आम्ही दोन्ही काठांवर. शहाभाई माझ्या कानात कुजबुजले, "एक छोटंसं बाकडं? इग्नाससाठी?" मी म्हटलं, विचारून बघा. ते काही विचारायला गेले नाहीत.

शिट्टी वाजली.

"या जागेवर आपण काही करायचं नाही. कधीच नाही. ज्यांना पटतं त्यांनी हात वर." आणि मग तो जुना आवाज, दोन्ही काठांना पुरून उरणारा : "हात कानाला! अर्धा मोजणार नाही!"

दोन्ही काठांवर हात उठले. शहाभाई, त्यांची बायको, देशपांडेकाका, शेरन आणि तिचा नवरा, त्या रविवारी चेहऱ्यावर पाणी मारणारी ती मुलगी. टीचर बोट फिरवत मोजत होत्या, ओठ हलत होते, चेहरा असा उजळलेला की बघत राहावं.

"झालं," त्या म्हणाल्या. "सगळे."

"सगळे कंचे?" उंबराखालच्या खुर्चीतून इग्नास म्हणाले. "गो फ्लोरी, तुझा हात कंदी मोजनार?"

टीचरनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, मी मोजणारी. त्यांनी फ्रॉक सोडला, तो पाण्यात पसरला. उजवा हात वर करायला लागल्या. छातीपर्यंत आला आणि अडला. डावा हात त्यांनी उजव्या कोपराखाली घातला आणि ढकलायला सुरुवात केली. ओठ घट्ट मिटलेले. शेजारीण पाण्यात उतरायला निघाली तशी टीचरनी नुसती मान हलवली. दोन्ही काठांवर कोणी हात खाली घेतला नाही. हात खांद्याच्या वर गेला, हनुवटीच्या वर गेला, थरथरत, तसूतसूने, आणि शेवटी दंड कानाला लागला.

तो तसाच धरून त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"मोज, सत्या," त्या म्हणाल्या.